एचआयव्ही, जनुकं आणि ‘मला कसं नाही झालं?’

पेशीवाटा :

काही मोजक्या लोकांच्या पेशींत एचआयव्ही शिरूच शकत नाही, हे खरं आहे. पण ही गोष्ट फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा तिला भलतंच काहीबाही चिकटलेलं असतं. ‘अमुक रक्तगटाला होत नाही’, ‘प्रतिकारशक्ती चांगली असली की होत नाही’, ‘इतकी वर्षं नाही झाला म्हणजे आता होणारच नाही’. यातलं एकही वाक्य खरं नाही. मी प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि हा विषय मराठीत नीट मांडला जावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

सुरुवात विषाणू आत शिरतो कसा, इथून. एचआयव्हीच्या आवरणावर जीपी-१२० नावाचं प्रथिन असतं. ते आपल्या टी-पेशीवरच्या (ही प्रतिकारशक्तीतली एक पेशी) सीडी-फोर या प्रथिनाला चिकटतं. एवढं १९८४ पासून माहीत होतं. पण माणसाचं सीडी-फोर उंदराच्या पेशीवर आणून बसवलं तरी विषाणू आत जाईना, म्हणजे पेशीवर आणखी काहीतरी लागत होतं. त्याचा धागा १९९५च्या डिसेंबरात लागला. रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने दाखवलं की शरीरातलेच तीन केमोकाइन एचआयव्हीला अडवतात. केमोकाइन म्हणजे पेशींना हाकारणारे रासायनिक निरोप. हे निरोप ज्या प्रथिनावर येऊन बसतात तेच विषाणूचं दुसरं दार असणार, असा तर्क होता आणि तो बरोबर निघाला. १९९६मध्ये पाच गटांनी जवळपास एकाच वेळी सीसीआर-५ या प्रथिनाकडे बोट दाखवलं. त्याच्या थोडंच आधी एडवर्ड बर्गर यांच्या प्रयोगशाळेत सीएक्ससीआर-४ हे दुसरं दार सापडलं होतं.

त्याच वर्षी अशी माणसं सापडली ज्यांच्या सीसीआर-५ जनुकात डीएनएच्या ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. पेशी ही अक्षरं तीन-तीन करून वाचते, म्हणून तीनाच्या पटीत अक्षरं गळली तर पुढचं वाचन शाबूत राहतं. ३२ गळली की पुढचं सगळं वाचन घसरतं, प्रथिन अर्धवट तयार होतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही. या बदलाला डेल्टा-३२ म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही हीच प्रत आली तर सीसीआर-५ने आत येणाऱ्या विषाणूला वाट उरत नाही.

प्रयोगशाळेत हे बघायला फार सोपं आहे. जनुकाच्या त्या भागाच्या प्रती काढायच्या आणि विजेच्या दाबाने जेलच्या थरातून पळवायच्या. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे राहतो. दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर वर एक पट्टा, दोन्ही डेल्टा-३२ असतील तर खाली एक, एकेक असेल तर दोन पट्टे. एकेक असताना बरेचदा सगळ्यांच्या वर तिसरा, पुसट पट्टाही दिसतो. लांब आणि आखूड धागे एकमेकांशी जोडले जातात, न जुळणारा भाग मध्येच फुगून राहतो आणि तो जोड जेलमधून रेंगाळत सरकतो. नवीन मुलं त्या पट्ट्याला नमुना दूषित झाल्याची खूण समजतात. खरं तर ती दोन वेगळ्या प्रती असल्याची साक्ष आहे.

बाकीचं चर्चेत येईलच. प्रश्न विचारा.

सावलीतलंझाड :

फार छान सुरुवात. बुकमार्क करून ठेवतोय. हा बदल किती लोकांत असतो? आणि आपल्याकडे?

पेशीवाटा :

उत्तर युरोपात सर्वांत जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांत सरासरी दहातल्या एका प्रतीत हा बदल असतो. दोन्ही प्रती तशाच असणारे शंभरात साधारण एक. दक्षिणेकडे येऊ तसं प्रमाण उतरतं. आफ्रिकेत सहारापलीकडे, पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत तो जवळपास नाहीच. भारतीय उपखंडातही क्वचितच सापडतो, वायव्येकडच्या काही समूहांत थोडासा.

एचआयव्हीचा सर्वांत जास्त भार जिथे आहे तिथे हा बदल नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

रानजाई :

मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. शीर्षकातला प्रश्न मी अक्षरशः रोज ऐकते. नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, बायकोचा निगेटिव्ह. पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटतं, मग लगेच विचारते, ‘मला कसं नाही झालं?’ आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा असतो, तो बहुतेक वेळा नवरा विचारतो: ‘म्हणजे हिला होणारच नाही का?’

या दुसऱ्या प्रश्नाची मला भीती वाटते. ‘हिच्या अंगातच प्रतिकार आहे’ असं घरात एकदा ठरलं की कंडोम बंद होतो, गोळ्यांकडे दुर्लक्ष होतं, तिची पुढची तपासणी राहून जाते. तीन महिन्यांनी यायला सांगितलेली बाई वर्षाने येते. पेशीवाटा, जनुकांबद्दल जरूर लिहा, पण निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे जनुकीय संरक्षणाचा दाखला नव्हे, हे ठळकपणे यावं असं मला वाटतं.

गणितवेडा :

रानजाईताई, तुमच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो.

उपचार न घेणाऱ्या बाधित व्यक्तीकडून लागण होण्याचा सरासरी धोका दर १०,००० वेळांमागे असा धरला जातो: बाधित रक्त चढवलं तर ९,२५०. गुदमार्गे संबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला १३८. इंजेक्शनची सुई वाटून घेतली तर ६३. दवाखान्यात चुकून सुई टोचली तर २३. योनीमार्गे संबंधात स्त्रीला ८, पुरुषाला ४.

आता योनीमार्गाचा ८ हा आकडा घ्या. शंभर वेळा संबंध आले तर लागण न होण्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या आसपास राहते. हजार वेळा आले तरी सुमारे ४५ टक्के. म्हणजे सगळ्यांची जनुकं अगदी सारखी असती तरीही, हजार वेळा संबंध येऊन शंभरातल्या पंचेचाळीस जणी निगेटिव्हच राहिल्या असत्या. त्यांच्यात विशेष काही शोधायची गरजच नाही.

आणि हे सरासरीचं गणित आहे. लागण नुकतीच झाली असेल तेव्हा रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि धोका कित्येक पट वाढतो. जननेंद्रियावर व्रण किंवा दुसरा लैंगिक आजार असेल तरी वाढतो. त्यामुळे काहींना पहिल्याच वेळी लागण होते.

दवाखानावाला :

गणितवेडा यांनी लिहिलंय ते प्रत्येक डिस्कॉर्डंट (एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह) जोडप्याला समजावून सांगावं असं आहे. त्यात एक भर. आजच्या काळात जोडीदार निगेटिव्ह राहण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पॉझिटिव्ह जोडीदार घेत असलेली एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. २०११मध्ये निकाल आला की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे पार्टनर या युरोपीय अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले. ज्यांचा विषाणूभार (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मोजण्याच्या पातळीखाली होता त्यांच्याकडून जोडीदाराला झालेली लागण: शून्य.

हे आकडे मी पेशंटना कागदावर लिहून देतो.

मुक्ता_स :

एरवी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. मी त्या ‘निगेटिव्ह बायकां’पैकी एक. नवऱ्याचं निदान झालं तेव्हा सासरच्यांनी मला दोन गोष्टी ऐकवल्या. आधी, तूच आणला असशील. मग माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा, हिच्यावर देवाची कृपा आहे, हिला काही होत नाही. दोन्ही वेळा माझ्या भीतीबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मला जनुकांची चाचणी करून घ्यायची होती. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही. का उपयोग नाही हे त्यांनी सांगितलं नाही. इथे कुणी सांगेल का?

पेशीवाटा :

मुक्ताताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. कारण सांगते.

समजा चाचणीत डेल्टा-३२ सापडला नाही, आणि आपल्याकडे तो सापडण्याची शक्यता फारच कमी आहे. तर तुम्हाला काय करायचं? नवऱ्याच्या गोळ्या नियमित, विषाणूभाराची तपासणी वेळेवर, तुमची चाचणी ठरल्याप्रमाणे. समजा दोन्ही प्रती डेल्टा-३२ निघाल्या. तरी करायचं तेच. कारण काही विषाणू सीसीआर-५ला हात न लावता सीएक्ससीआर-४ वापरून आत शिरतात, आणि दोन्ही प्रती डेल्टा-३२ असलेल्या माणसांना अशा विषाणूची लागण झाल्याची उदाहरणं १९९७ पासून नोंदलेली आहेत. थोडी आहेत, पण आहेत. ज्या चाचणीचा निकाल काहीही आला तरी पुढचं पाऊल बदलत नाही, ती करून मनाला फक्त खोटा धीर किंवा खोटी धास्ती मिळते.

तुमच्या नवऱ्याचा विषाणूभार दाबलेला असेल तर तुम्हाला कुठल्याही जनुकाहून भक्कम संरक्षण आधीच मिळालेलं आहे.

मुक्ता_स :

दाबलेला आहे, मागच्या दोन्ही रिपोर्टांत. हे कुणीतरी इतक्या सरळ शब्दांत सांगायला हवं होतं. मनापासून धन्यवाद.

उत्तररात्र :

माझा प्रश्न थोडा वेगळा. परदेशी असताना मी थुंकीवरून डीएनए तपासणारं किट वापरलं होतं. कच्ची माहिती उतरवून पाहिली तर डेल्टा-३२ची एक प्रत आहे असं दिसतंय. एका प्रतीचा उपयोग होतो का?

पेशीवाटा :

लागण टाळण्यासाठी, नाही असंच धरा. एका प्रतीमुळे पेशीवर सीसीआर-५ कमी असतो, पण विषाणूला तेवढा पुरतो. फरक पडतो तो लागण झाल्यानंतर. उपचार नसलेल्या काळातल्या नोंदी पाहिल्या तर अशा लोकांमध्ये एड्सची अवस्था सरासरी दोन-तीन वर्षं उशिरा आली. आज एआरटी असताना त्या दोन-तीन वर्षांना फारसा अर्थ उरलेला नाही. शिवाय अशा किटची कच्ची माहिती वैद्यकीय निदान म्हणून वापरू नये, गळालेल्या तुकड्यांच्या बाबतीत तर नाहीच.

चक्रधर :

हा बदल युरोपातच का, याचं उत्तर मी प्लेग असं वाचलंय. चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूत डेल्टा-३२वाले वाचले आणि त्यांचा वंश वाढला. हे कितपत खरं?

पेशीवाटा :

ही कल्पना १९९८च्या सुमारास पुढे आली आणि ऐकायला आकर्षक असल्यामुळे टिकली. पण जर्मनीतल्या एका गुहेत मिळालेल्या कांस्ययुगातल्या, सुमारे २,९०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही डेल्टा-३२ आहे, आणि तेही आजच्या युरोपाशी तुलना व्हावी इतक्या प्रमाणात. काळा मृत्यू आला १३४७मध्ये. म्हणजे बदल त्याच्या कितीतरी आधी पसरलेला होता. शिवाय हा जनुक नसलेल्या उंदरांना प्लेगच्या जिवाणूची लागण करून पाहिली तर त्यांना संरक्षण मिळालं नाही. देवी रोगाचाही तर्क मांडला गेलाय. पक्कं उत्तर मला कुणाकडेच दिसत नाही. एचआयव्ही मात्र कारण असूच शकत नाही. तो माणसात आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

गणितवेडा :

२०१९मध्ये बातमी होती की दोन्ही प्रती डेल्टा-३२ असलेले लोक लवकर मरतात, मृत्युदर २१ टक्क्यांनी जास्त. ती आजही पुढे ढकलली जाते. तो शोधनिबंध त्याच वर्षी मागे घेतला गेला. ज्या माहितीवर तो आधारलेला होता तिच्यात त्या जागेची नोंद नीट झालेली नव्हती, त्यामुळे दोन्ही प्रतीवाले मोजणीत कमी भरले होते. बातमी जगभर गेली, माघार फार थोड्यांपर्यंत पोचली.

पेशीवाटा :

हे लिहिलंत ते बरं झालं. पण सीसीआर-५ निरुपयोगी आहे असंही कुणी समजू नये. डासांतून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर दोन्ही प्रती डेल्टा-३२ असलेल्यांना लक्षणं दिसण्याचा, आजार बळावण्याचा धोका जास्त असतो, हे २००६ पासून दाखवलं गेलंय. आणि म्हणूनच ‘हे च्यानक्वे’ या चिनी संशोधकाने जे केलं त्याचा मला अजून राग येतो. २०१८च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने सीसीआर-५ बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्यात. वडील पॉझिटिव्ह होते, आई निगेटिव्ह. वडिलांकडून गर्भाला लागण होऊ नये यासाठी वीर्य धुऊन घेण्याची साधी, जुनी पद्धत उपलब्ध होती आणि ती वापरलीही होती. म्हणजे मुलींना त्या बदलाची गरजच नव्हती. आणि झालेला बदल डेल्टा-३२ नव्हताच. कात्री चालवल्यावर पेशीने जसं जमेल तसं सांधलं, तसले वेगळेच बदल झाले. एका मुलीत तर एकच प्रत बदलली गेली. जगात कुठल्याच माणसात ज्यांचा परिणाम पाहिलेला नाही असे बदल दोन बाळांच्या अंगात, त्यांच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत जातील असे. २०१९च्या डिसेंबरात चीनच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. मुलींना त्यांच्या शरीराबद्दल पुढे काय सांगितलं जाईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सावलीतलंझाड :

हे सगळं लागण होण्याबद्दल झालं. पण काही जणांना लागण होऊनही औषधाशिवाय वर्षानुवर्षं काही होत नाही म्हणतात. तेही डेल्टा-३२च का?

पेशीवाटा :

नाही, आणि माझ्या मते खरी गंमत या भागात आहे. ज्यांचा विषाणूभार औषधाविना मोजण्याच्या पातळीखाली राहतो त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. बाधितांमध्ये ते एक टक्क्याहूनही कमी. २०१०मध्ये अशा लोकांच्या आणि सर्वसाधारण रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली. फरक दिसले ते सगळे सहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच पट्ट्यात, एचएलए जनुकांजवळ. आणखी बारकाईने पाहिल्यावर एचएलए-बी प्रथिनाच्या खोबणीतल्या अगदी थोड्या अमायनो आम्लांवर येऊन थांबले.

या खोबणीचं काम काय? पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे लहान तुकडे खोबणीत ठेवून एचएलए ते पेशीबाहेर मांडतं. मारक टी-पेशी येऊन तुकडा तपासते आणि परका वाटला तर ती पेशी मारते. खोबणीचा आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून विषाणूचा कुठला तुकडा मांडला जाईल तेही वेगळं.

एचएलए-बी ५७ हा प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांच्या खोबणीत विषाणूच्या कॅप्सिड प्रथिनाचे तुकडे बसतात. कॅप्सिड म्हणजे विषाणूच्या गाभ्याचं कवच. ते शेकडो एकसारखे घटक एकमेकांत अचूक बसवून तयार होतं, त्यामुळे त्यात अक्षर बदलणं विषाणूला महागात पडतं. टी-पेशींपासून वाचायचं म्हणून तो बदलतो खरा, पण मग त्याची वाढ मंदावते. हाच बदललेला विषाणू बी ५७ नसलेल्या दुसऱ्या माणसात गेला, की हळूहळू मूळ रूपावर येतो. तिथे त्याच्यावर तो दाब नसतो ना. एका माणसाच्या जनुकाने विषाणूला कसं वाकवलं आणि दुसऱ्या शरीरात तो कसा सरळ झाला, हे विषाणूच्या क्रमवारीत अक्षर न् अक्षर वाचता येतं. पहिल्यांदा हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

दवाखानावाला :

बी ५७चं नाव निघालंच आहे तर दवाखान्यातली बाजू. अ‍ॅबाकाविर नावाचं एचआयव्हीचंच औषध आहे. ते घेणाऱ्या काहींना पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप अशी तीव्र रिअ‍ॅक्शन येते. औषध थांबवून पुन्हा सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. ही रिअ‍ॅक्शन एचएलए-बी ५७:०१ असणाऱ्यांनाच येते. २००८मध्ये प्रेडिक्ट-१ या चाचणीने सिद्ध केलं की आधी जनुक तपासून मगच औषध दिलं तर ती टाळता येते. म्हणजे जो जनुक विषाणूला आवर घालतो तोच या औषधाला मात्र सहन करत नाही.

बी २७ या प्रकाराचंही तसंच. एचआयव्हीत तो चांगला, पण मणक्यांचा सांधेदुखीचा आजार, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, त्याच्याशी घट्ट जोडलेला. ‘चांगला जनुक’ असं सरसकट काही नसतं, हे पेशंटना सांगताना मी हीच दोन उदाहरणं देतो.

रानजाई :

आफ्रिकेतल्या त्या स्त्रियांबद्दलही कुणी लिहा ना. आमच्या प्रशिक्षणात ओझरता उल्लेख झाला होता.

पेशीवाटा :

नैरोबीतला पुमवानी गट. फ्रँक प्लमर आणि केनियातले त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केलं. बहुतेकींना लागण होत गेली, पण थोड्याजणी वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिल्या. डेल्टा-३२ तिथे नाहीच. काहींच्या रक्तात एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या, म्हणजे विषाणूशी गाठ पडली होती पण त्याने मूळ धरलं नव्हतं. काही एचएलए प्रकारांशी नातंही दिसलं.

आणि मग त्यांच्यातल्या काहीजणींना उशिरा लागण झाली. मागे जाऊन पाहिल्यावर दिसलं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी मधला काळ काम थांबवलं किंवा कमी केलं होतं. संपर्क तुटला, ओळखणाऱ्या पेशी ओसरल्या आणि नंतर विषाणू आला तेव्हा संरक्षण उरलं नव्हतं. २००१मध्ये हे प्रसिद्ध झालं. रानजाई, तुमच्या ‘म्हणजे हिला होणारच नाही का’ला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. बरीच वर्षं टिकलेलं संरक्षणही जाऊ शकतं.

आज आपण जे जाणतो त्यातलं बरंच या स्त्रियांच्या रक्तावर उभं आहे. त्यांना त्याचा लाभ पुरेसा मिळाला असं मला वाटत नाही.

गणितवेडा :

मग डेल्टा-३२ सोडून लागण रोखणारा दुसरा कुठला बदल सापडला का? एवढ्या वर्षांत सापडायला हवा.

पेशीवाटा :

कसून शोधलं गेलंय. २०१३मध्ये सुमारे ६,३०० बाधित आणि ७,२०० इतर लोकांची तुलना झाली. डेल्टा-३२च्या दोन प्रती सोडल्या तर ठामपणे काहीच हाती लागलं नाही. त्याच वर्षी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या रुग्णांचा अभ्यास आला. १९८५च्या आधी त्यांना मिळणारा फॅक्टर-८ हा रक्त गोठवणारा घटक हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायचा आणि त्यातून एचआयव्ही थेट शिरेत जायचा. इतका संपर्क होऊनही जे वाचले त्यांच्यात काहीतरी दिसणारच, अशी अपेक्षा होती. तिथेही डेल्टा-३२ आणि बाकी काही नाही. मधल्या काळात गाजलेले कितीतरी जनुक, उदाहरणार्थ सीसीएल३एल१च्या प्रतींची संख्या, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकले नाहीत.

पण हे मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे होते, आणि ही उणीव मला फार खटकते. २०२३मध्ये आफ्रिकी वंशाच्या जवळपास ४,००० बाधितांचा अभ्यास झाला तेव्हा पहिल्या गुणसूत्रावर, सीएचडी१एल जनुकाजवळ असे बदल सापडले की ते असणाऱ्यांचा विषाणूभार कमी राहतो. हे बदल युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीतच, मग तिथे शोधून सापडणार कसे? आपल्या उपखंडातल्या जनुकीय वैविध्याकडे तर या दृष्टीने फारच कमी पाहिलं गेलंय.

एक दुर्मीळ प्रकार मात्र सांगते. स्पेनमधल्या एका घराण्यात टीएनपीओ३ या जनुकातल्या बदलामुळे खांद्याचे आणि कमरेचे स्नायू झिजत जातात. विषाणूला पेशीकेंद्रापर्यंत जायला हेच प्रथिन लागतं. २०१९मध्ये दिसलं की या रुग्णांच्या पेशींना प्रयोगशाळेत एचआयव्हीची लागण सहजी होत नाही. संरक्षण मिळतंय, पण स्नायू गमावून.

चक्रधर :

बर्लिनच्या रुग्णाचा उल्लेख अजून आलाच नाही!

दवाखानावाला :

टिमथी रे ब्राउन. एचआयव्ही होताच, वर रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टर गेरो ह्युटर यांनी अस्थिमज्जा जुळणाऱ्या दात्यांमध्ये मुद्दाम डेल्टा-३२च्या दोन प्रती असलेला दाता शोधला. तपासलेल्यांपैकी ६१वा दाता तसा निघाला. २००७मध्ये प्रत्यारोपण झालं, कर्करोग उलटल्यावर २००८मध्ये पुन्हा. एचआयव्हीची औषधं थांबवली आणि विषाणू परतला नाही. २०२०मध्ये ते गेले, कर्करोगाने. एचआयव्ही तेव्हाही सापडला नाही.

त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ इथले रुग्णही असेच बरे झाले. पण एसेनच्या रुग्णात सीएक्ससीआर-४ वापरणारा विषाणू उसळून आला. आणि जिनिव्हाच्या रुग्णाचा दाता तर डेल्टा-३२चा नव्हताच, तरी विषाणू परतलेला नाही. म्हणजे नव्या पेशींनी जुन्या बाधित पेशी मारून टाकणं हाही मोठा भाग आहे. पेशंट विचारतात, ‘माझं असं करता येईल का?’ फक्त एचआयव्हीसाठी, नाही. प्रत्यारोपणात जीव जाऊ शकतो, आणि रोजची एक गोळी घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो.

पेशीवाटा :

यात मला स्टीफन क्रोन यांचं नाव घ्यावंसं वाटतं. न्यूयॉर्कचे चित्रकार. त्यांचे जोडीदार १९८२मध्ये गेले, मग एकामागून एक कितीतरी मित्र. यांना मात्र काहीच होईना. ते स्वतः संशोधकांकडे गेले, ‘माझ्यात काय आहे ते शोधा’ म्हणून. प्रयोगशाळेत त्यांच्या पेशींवर भरमसाठ विषाणू सोडून पाहिला, लागण होईना. १९९६च्या त्या शोधात त्यांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे. सीसीआर-५ नसतानाही माणूस चालता-बोलता राहतो हे अशा लोकांमुळे कळलं, म्हणून ते प्रथिन औषधाने झाकायचं धाडस झालं आणि २००७मध्ये मॅराविरॉक बाजारात आलं. २०१३मध्ये क्रोन यांनी आयुष्य संपवलं. सगळे जिवलग गेल्यावर मागे उरण्याचं ओझं किती असतं, याबद्दल ते बोलत असत. त्यांना नशीबवान म्हणताना माझी जीभ अडखळते.

रानजाई :

हा धागा मी आमच्या सहकाऱ्यांना पाठवतेय. माझ्याकडून एवढंच जोडते, कुणाला आत्ता गरज असेल म्हणून: संपर्क नुकताच झाला असेल तर पेप हे औषध जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. पुढेही संपर्काची शक्यता असेल तर आधीपासून घ्यायचं प्रेप आहे. दोन्हींसाठी कुणाचीही जनुकं तपासावी लागत नाहीत.

उत्तररात्र :

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे एक प्रत आहे, तर बहिणीकडे दोन असू शकतील का? आणि तसं असेल तर अस्थिमज्जादानासाठी नाव नोंदवून काही फायदा?

पेशीवाटा :

तुमच्या आई आणि वडील दोघांकडेही किमान एकेक प्रत असेल तरच बहिणीकडे दोन असू शकतील. दोघांकडे एकेक असेल तर तिची शक्यता चारात एक. फक्त एकाकडे एकच असेल तर तिच्याकडे एक प्रत असण्याची शक्यता निम्मी, दोन असण्याची शून्य.

नोंदणी मात्र दोघांनीही जरूर करा, आणि ती एचआयव्हीसाठी नव्हे तर रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी. तिथे सीसीआर-५ नव्हे तर एचएलए जुळावं लागतं. जुळणारा दाता बहुतेकदा आपल्याच वंशगटात सापडतो आणि दक्षिण आशियाई दाते नोंदण्यांमध्ये फार कमी आहेत. नोंदणीच्या वेळी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तेवढ्यावर एचएलए तपासणी होते.